छापून न आलेली चार पाने : जुनी कार्यप्रणाली नव्या संगणकात

प्रस्तुत स्मरणिकेची जुळवाजुळव गेल्या वर्षावासात सुरू झाली, तेव्हा संपादक मंडळाने आमच्याकडे एक काम सोपविले. आपल्या शाळेची २००२ सालची पहिली स्मरणिका शोधून काढावी आणि तिच्यातील निवडक मजकूर या अंकात पुन्हा घ्यावा. काम सोपे वाटले. त्या स्मरणिकेच्या जुळणीला आम्ही स्वतः बसलो होतो. छापील प्रती मात्र कार्यालयात दोनच उरल्या होत्या आणि त्यांपैकी एकीला पावसाळ्याच्या ओलीने बुरशी धरली होती. कपाटाच्या तळाशी एक सीडी व सहा फ्लॉप्या सापडल्या. सीडीवर आमच्याच अक्षरात ‘स्मरणिका – अंतिम’ असे लिहिलेले होते. आता पुन्हा टंकन करावे लागणार नाही, या आनंदात आम्ही ती संगणक कक्षात नेली.

सीडी वाचली गेली. फाइलही दिसली. पण ती उघडेना, कारण ती ज्या पेजमेकर ६.५ या प्रोग्रामात तयार झाली होती, तो कक्षातल्या एकाही संगणकात नव्हता. जुन्या सीडीवरून तो चढवू गेलो, तर ‘हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही’ असा निरोप आला. सोबत काही लेखांच्या वर्ड फाइली होत्या, त्या उघडल्या. पण पडद्यावर मराठीचा मागमूस नव्हता. शिरावर टिंबे असलेली रोमन अक्षरे, कंस, फुल्या, प्रश्नचिन्हे, मध्येच एखादे पौंडाचे चिन्ह. नववीतल्या एका मुलीने वाकून पाहिले आणि विचारले, “सर, ही कोणती भाषा?” ती मराठीच होती, आणि त्यातला काही भाग आम्ही स्वतः लिहिलेला होता.

हे असे का झाले, ते समजून घेणे अवघड नाही, आणि ज्यांच्या घरी जुन्या फाइली पडून आहेत त्या प्रत्येकाने ते समजून घ्यावे. संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. त्या काळच्या बहुतेक मराठी फॉन्टांत केवळ २५६ क्रमांकांची जागा असे आणि ती मूळ रोमन अक्षरांसाठी नेमलेली होती. मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी त्याच जागांवर देवनागरीचे तुकडे बसविले : कुठे अर्धा ‘क’, कुठे काना, कुठे रफार. म्हणजे फाइलमध्ये क्रमांक रोमन अक्षराचा, आणि त्यावर चढविलेला पोशाख मराठीचा. पोशाख हरवला की आतली रोमन अक्षरे उघडी पडतात. भरीस भर म्हणजे कोणता तुकडा कोणत्या जागी बसवायचा, याविषयी एकवाक्यता नव्हती. श्रीलिपी, आकृती, पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, प्रत्येकाची मांडणी वेगळी.

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक १९९१ साली ठरले होते. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा राखला गेला. विंडोज २००० पासून युनिकोड मराठीची सोय मायक्रोसॉफ्टच्या कार्यप्रणालीतही आली. परंतु छपाईचे जग पेजमेकरवर चालत होते आणि पेजमेकरला युनिकोड देवनागरी ठाऊकच नव्हते. त्यामुळे महाराष्ट्रातील साप्ताहिके, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल आणि आपल्यासारख्यांच्या स्मरणिका पुढेही कित्येक वर्षे जुन्याच फॉन्टांत निघत राहिल्या.

इतिहासाच्या शिक्षकाला अशा वेळी सोपारा आठवल्यावाचून राहत नाही. आपली तानसा पुढे वैतरणेला मिळते आणि वैतरणेच्या मुखाच्या दक्षिणेला हे प्राचीन बंदर आहे. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो मिळाला त्याच वेळी वाचता आला, याचे कारण त्याआधी पंचेचाळीस वर्षे, १८३७ साली, जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली होती. तत्पूर्वी कित्येक शतके अशोकाची अक्षरे दगडावर शाबूत होती, परंतु वाचणारा कोणी नव्हता. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ मोठ्या कष्टाने दिल्लीला आणविले. त्यांवर काय लिहिले आहे हे त्याच्या दरबारात कोणालाही सांगता आले नाही. अक्षर टिकणे आणि अक्षर वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्राह्मीच्या बाबतीत त्यांत हजारभर वर्षांचे अंतर पडले, आमच्या सीडीच्या बाबतीत वीस वर्षांचेच.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, जो आता ठाण्यात संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो, दूरध्वनीवरून सुचविले : “सर, जुना संगणक शोधत बसू नका. नव्या संगणकाच्या आत जुना संगणक उभा करू.” पुढच्या रविवारी तो अकलोलीला आला. त्या दिवशी जे शिकलो तेच येथे मांडत आहोत.

ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, ही यंत्र आणि आपला प्रोग्राम यांच्यामधली व्यवस्थापक. विंडोज ९८, विंडोज एक्स्पी, लिनक्स ही तिची उदाहरणे. पेजमेकर ६.५ ला जुन्या काळची विंडोज हवी. जुन्या विंडोजला जुन्या धाटणीचे यंत्र हवे. आजच्या यंत्रावर एक्स्पी थेट चढविणे जवळजवळ अशक्य, कारण आजच्या चकत्या, आजचे ग्राफिक कार्ड तिला ओळखताच येत नाहीत. येथे व्हर्च्युअल मशीन, अर्थात आभासी संगणक, उपयोगी पडतो. व्हर्च्युअलबॉक्ससारखा एक प्रोग्राम आपल्या चालू संगणकात बसवितात. तो आतल्या कार्यप्रणालीपुढे एका संगणकाचे सोंग उभे करतो : ही तुझी मेमरी, ही तुझी हार्ड डिस्क, हा तुझा सीडी ड्राइव्ह. प्रत्यक्षात ती हार्ड डिस्क म्हणजे बाहेरच्या संगणकातली एक मोठी फाइल असते. आतली विंडोज मात्र आपण एका खऱ्याखुऱ्या यंत्रावर आहोत अशाच समजुतीने चालते. बाहेरच्या कार्यप्रणालीला यजमान व आतलीला पाहुणा म्हणण्याची पद्धत आहे. पाहुण्याने घरात वाटेल ते केले तरी यजमानाच्या भांड्यांना धक्का लागू नये, अशी रचना असते.

ही कल्पना आजची नव्हे. आयबीएमने १९६० च्या दशकात आपल्या अवाढव्य संगणकांवर ती राबविली आणि १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. एकाच महागड्या यंत्रावर अनेकांना स्वतंत्र संगणकाचा भास देणे हा तेव्हाचा हेतू. साध्या घरगुती संगणकावर ही सोय व्हीएमवेअरने १९९९ साली आणली आणि व्हर्च्युअलबॉक्स २००७ मध्ये सर्वांना विनामूल्य मिळू लागला.

आता प्रत्यक्ष कृती. शाळेने २००५ साली कक्षासाठी विकत घेतलेली विंडोज एक्स्पीची मूळ सीडी आणि तिच्या पाकिटावरचा पंचवीस अक्षरांचा क्रमांक आमच्याजवळ होता. हे महत्त्वाचे आहे. संगणकाबरोबर आलेल्या प्रतीचा परवाना बहुधा त्या यंत्रापुरताच असतो, आणि इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या प्रतींत काय दडविलेले असेल सांगता येत नाही. जिथे मूळ सीडी नाही तिथे जुन्या कार्यालयांत, ओळखीच्या छापखान्यात विचारावे; तीही रद्दीत जाण्याच्या मार्गावर असते.

पहिली अडचण व्हर्च्युअलबॉक्स बसविल्यावर आली : यंत्र सुरूच होईना. माजी विद्यार्थ्याने संगणक बंद करून बायॉसमध्ये शिरून आभासीकरणाची सोय चालू केली, मग गाडी मार्गी लागली. नवे यंत्र तयार करताना प्रकाराच्या यादीतून ‘विंडोज एक्स्पी’ निवडावे. तसे केले की डिस्क जुन्या आयडीई पद्धतीने जोडलेली मिळते. नव्या पद्धतीची डिस्क एक्स्पीला दिसत नाही आणि स्थापना निळ्या पडद्यावर थांबते. मेमरी आम्ही ५१२ एमबी दिली. आज हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण एक्स्पी १२८ एमबीतही चालत असे. डिस्कला १० जीबी. स्थापनेला पाऊण तास लागला. शेवटी हिरवी टेकडी आणि निळे आकाश असलेला तो परिचित पडदा उघडला, तेव्हा मागे उभ्या असलेल्या मुलांनी टाळ्या वाजविल्या. त्यांच्यापैकी एकालाही तो पडदा आठवण्याचे कारण नव्हते. टेकडी आपल्याकडची पावसाळ्यातली आहे काय, असे एकाने विचारले. ती कॅलिफोर्नियातली आहे, १९९६ साली काढलेले छायाचित्र आहे. आपल्याकडची असती तरी चालले असते.

त्यानंतर सर्वांत आधी पाहुण्याचे नेटवर्क बंद केले. एक्स्पीची सुरक्षादुरुस्ती मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविली. अशी प्रणाली इंटरनेटला जोडणे म्हणजे दार सताड उघडे ठेवून गावाला जाणे. जुन्या फ्लॉप्यांतही त्या काळचे विषाणू असू शकतात, म्हणून त्यांतील फाइली आधी यजमानाच्या अँटिव्हायरसखालून काढल्या. मग ‘स्नॅपशॉट’ घेतला. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीच्या आभासी यंत्राची नोंद. पुढे काहीही बिघडले तरी एका कळीसरशी त्या स्थितीला परत जाता येते. खऱ्या आयुष्यात ही सोय नाही याची खंत आम्हांला त्या दिवशी पुन्हा एकदा वाटली.

पेजमेकर विनातक्रार चढला. फॉन्टचा प्रश्न मात्र होता आणि तो सुटला तो जुन्या छपाईच्या रीतीमुळे. छापखान्यात फाइल देताना फॉन्टही सोबत द्यावे लागत, नाहीतर तेथे अक्षरे फुटत. म्हणून आम्ही तेव्हा सीडीवर ‘फॉन्ट’ नावाचा फोल्डर करून ठेवला होता. मराठी टंकनाच्या पॅकेजची त्यासाठी गरज पडली नाही. टंकन करायचे तर कळफलकाचा प्रोग्राम लागतो, त्याला बहुधा कुलूपही असे. नुसते वाचायचे तर फॉन्टची फाइल पुरते. फॉन्ट बसविण्यापूर्वी पेजमेकरची फाइल उघडू नये. फॉन्ट सापडला नाही तर तो बदली फॉन्टाची यादी पुढे करतो, आणि घाईत होकार देऊन फाइल जतन केली तर मूळ रचना बिघडते. काम नेहमी प्रतीवर करावे.

फाइल उघडली. मुखपृष्ठावरचा स्तूप, खाली शाळेचे नाव, आत प्रास्ताविक. छायाचित्रे अंधूक दिसली, कारण मूळ चित्रे पेजमेकर फाइलबाहेर ठेवीत असे आणि ती ज्या संगणकात होती तो आम्हीच २००९ साली भंगारवाल्याला दिला होता. त्याची हार्ड डिस्क काढून ठेवावी, एवढे भान आम्हांला नव्हते. दोष दुसऱ्या कोणाचा नाही.

एवढ्यावर काम संपले असते, तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. मजकूर छापील प्रतीतूनही पुन्हा टंकित करता आला असता. परंतु पेजमेकरमध्ये पानाच्या सभोवती एक मोकळी जागा असते, तिला पेस्टबोर्ड म्हणत. जुळणी करणारा तेथे काढलेला मजकूर, उरलेली चौकट, पुढे लागेल म्हणून एखादे चित्र ठेवून देई. ते छापले जात नाही. फाइलची पीडीएफ केली तरी त्यात उतरत नाही. जुना प्रोग्राम प्रत्यक्ष उघडून पान लहान करून पाहिले तरच दिसते. आम्ही पान लहान केले आणि सत्ताविसाव्या पानाच्या डावीकडे मजकुराचे चार लांब स्तंभ उभे असलेले दिसले.

ते काय आहे, हे कळायला दोन ओळी पुरल्या. त्या वर्षी आठवीच्या मुलांना आम्ही एक उपक्रम दिला होता : आपल्या घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला शाळेविषयी विचारावे आणि ती सांगेल तसे लिहून आणावे. बारा-तेरा मुलांनी लिहून आणले. पाने वाढली, छपाईचा खर्च वाढला, तेव्हा सातच निवेदने ठेवली आणि उरलेली चार पानांची निवेदने काढली. काढली ती आम्हीच. आजही आठवते, निवड करताना ‘भाषा शुद्ध नाही’ हे कारण आम्ही मंडळापुढे मांडले होते.

त्यांत एका आजीचे निवेदन आहे. भिवंडी परिसरातल्या वीटभट्ट्यांवर तिचे आयुष्य गेले. मुलाला शाळेत घालायला नेले तेव्हा वय विचारले, तिला वर्षे मोजता येत नव्हती. ज्या हंगामात तो जन्मला त्या हंगामात किती विटा पाडल्या हे तिने सांगितले, आणि गुरुजींनी हसून अंदाजाने तारीख लिहिली. तीच तारीख पुढे त्याच्या प्रत्येक कागदावर राहिली. नातवाने हे तिच्या बोलीत, तिच्या क्रियापदांसकट उतरविले होते. ज्या ‘अशुद्ध’ भाषेसाठी आम्ही ते वगळले, त्या भाषेतच तिची सारी साक्ष आहे. आजी आता हयात नाही. नातवाला दूरध्वनी केला. त्याच्या वहीचा कागदही घर बदलताना गेलेला होता. म्हणजे त्या बाईच्या शब्दांची जगातली एकमेव प्रत आमच्या सीडीवर, पानाच्या कडेबाहेर, न छापलेल्या जागेत पडून होती.

आपल्या समाजाचा लिखित इतिहास अशाच कडेच्या जागांतून गोळा करावा लागला आहे. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’ यांचे अंक कोणी ट्रंकेत जपले म्हणून पुढच्यांना पाहता आले. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध करायला सुरुवात केली, त्यामागे वसंत मून यांनी जमविलेल्या कागदांचे डोंगर होते. कागद निदान डोळ्यांना दिसतो. फ्लॉपी दिसते, पण तिच्यातले काही दिसत नाही, म्हणून ती टाकून देताना हात थरथरत नाही.

मजकूर बाहेर काढण्याचे काम दोन वाटांनी केले. पहिली वाट पानांच्या प्रतिमेची. पेस्टबोर्डवरचे स्तंभ नव्या कोऱ्या पानांवर ओढून घेतले, पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट फाइल काढली आणि यजमान संगणकावर घोस्टस्क्रिप्टने तिची पीडीएफ केली. तीत फॉन्ट आतच बंदिस्त होतो, त्यामुळे ती कोठेही जशीच्या तशी दिसते. परंतु तीत एखादा शब्द शोधू गेले तर सापडत नाही. आत अजून ती रोमन अक्षरेच आहेत. म्हणून दुसरी वाट, युनिकोडची. जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक प्रोग्राम मिळतात. आपल्या फॉन्टसाठीचाच घ्यावा लागतो. हे रूपांतर नुसत्या अदलाबदलीचे नाही. जुना फॉन्ट डोळ्यांच्या क्रमाने चालतो : ‘विहार’ लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी, मग ‘व’. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालते : आधी ‘व’, मग वेलांटी. ‘धर्म’ मधला रफार जुन्या फाइलीत ‘म’ नंतर येतो, युनिकोडमध्ये त्याला ‘म’ च्या आधी न्यावे लागते. परिवर्तक हे बहुतांशी बरोबर करतो आणि जोडाक्षरांत अडखळतो. ‘श्र’, ‘ट्ट’, ‘ऱ्य’ येथे आमच्या चुका सर्वाधिक निघाल्या. नववीच्या सहा मुलींनी प्रतिमा एका पडद्यावर आणि युनिकोड मजकूर दुसऱ्यावर ठेवून तीन शनिवार मुद्रितशोधन केले. आजीच्या निवेदनात त्यांनी दोन ठिकाणी व्याकरण सुधारले होते. ते पुन्हा मूळपदावर आणविले.

सहा फ्लॉप्यांपैकी चारच वाचल्या गेल्या. त्यासाठी यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह बाजारातून आणावा लागला. एका फ्लॉपीत १.४४ एमबी मावतात, आजच्या मोबाइलमधले एक छायाचित्रही त्याहून मोठे. पण तेवढ्यात एका तुकडीची वसतिगृहाची संपूर्ण यादी निघाली. उरलेल्या दोन फ्लॉप्यांवर बुरशी होती. त्यांत काय होते ते आम्हांला आठवत नाही, आणि त्यांवरच्या पट्ट्यांवर आम्ही काहीच लिहिलेले नव्हते.

आभासी संगणक आता शाळेच्या संग्रहाचा भाग आहे. यंत्र पूर्ण बंद करून त्याची निर्यात-फाइल काढली. तिच्या तीन प्रती आहेत, एक कक्षात, एक मुख्याध्यापकांच्या कपाटात, एक शाळेबाहेर. सोबत कागदावर, शाईने, प्रोग्रामची नावे, आवृत्त्या आणि उघडण्याच्या पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत. दरवर्षी एप्रिलमध्ये ती एकदा चालवून पाहायची असे ठरले आहे, कारण उद्या व्हर्च्युअलबॉक्सची एखादी नवी आवृत्तीही जुन्या पाहुण्याला ओळखेनाशी होऊ शकते.

ती चार पाने या स्मरणिकेत लेखकांच्या नावांसह, एकही शब्द न बदलता घेतली आहेत.

माजी विद्यार्थ्यांकडे व पालकांकडे त्या काळच्या फ्लॉप्या, सीडी, संस्थांचे अहवाल, मंडळांची पत्रके, लग्नपत्रिकांच्यासुद्धा फाइली असतील, तर त्या टाकून देऊ नयेत. घरच्या संगणकावर उघडून पाहण्याचा प्रयत्नही करू नये. पोस्टाने न पाठवता स्वतः आणून द्याव्यात, शक्य तर कोरड्या डब्यात, आणि त्या कोणत्या साली कोणी केल्या एवढे चिठ्ठीवर लिहावे. संगणक कक्ष शनिवारी दुपारी दोन ते पाच उघडा असतो. मूळ वस्तू त्याच दिवशी परत मिळेल.